नमुना अ, नमुना ब आणि चैत्रातली डाळ

...आणि वर ती पोरगी म्हणते काय, "बाबा, तुम्ही फक्त एवढंच सांगा, ही की ती. बाकी मी बघते!" फक्त? एवढंच? अहो, ज्या माणसानं चौसष्ट वर्षांत खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून, त्यात अल्कोहोल किती टक्के ते बघून दुकानदाराला परत केलं, त्या माणसापुढे वाइनच्या दोन बाटल्या आणून ठेवायच्या, त्याही बेंगळूरूच्या बसवनगुडीत, त्याही चैत्रात, घरात गौर झोपाळ्यात बसलेली असताना, आणि म्हणायचं, फक्त एवढंच सांगा! तुम्हाला सांगतो, शरच्चंद्र हर्डीकरांच्या जागी दुसरा कोणी असता ना, तर त्यानं नाणं उडवलं असतं आणि मोकळा झाला असता. पण शरदराव म्हणजे... आता कसं सांगू तुम्हाला...

सरकारी विमान कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शन! म्हणजे काय, की पुर्जा बनवणारा बनवतो, बसवणारा बसवतो, उडवणारा उडवायला टपलेला असतो, आणि या सगळ्यांच्या मध्ये एक माणूस भिंग घेऊन बसतो आणि म्हणतो, थांबा! तो माणूस म्हणजे शरदराव. साहेब येऊन डोक्यावर उभे राहिले, दिल्लीहून फोन आला, मार्चअखेर आली, शरदरावांचं उत्तर एकच... तपासल्याशिवाय सही नाही! आणि रिटायर झाल्यावर सुटली का ही खोड? छे! गॅसचा सिलिंडर आला की आधी साबणाचं पाणी, मग फेस, मग बुडबुडा येतो का ते बघणं, मग सही. तो सिलिंडरवाला यांचा जिना चढला की आधी पायरीवर बैठक मारतो, डबा उघडतो आणि चित्रान्न खाऊन घेतो. कारण त्याला माहीत आहे, तपासल्याशिवाय सही नाही!

बरं, आता ही पोरगी कोण? निधी. एकुलती एक. कॉम्प्युटर इंजिनिअर, एचएसआर लेआउटला नोकरी, गलेलठ्ठ पगार, आई-बाप खूश. आणि तीन वर्षांपूर्वी एका रविवारी जेवता जेवता म्हणाली, "मी नोकरी सोडली. मी वाइन बनवायला शिकणारे." शरदरावांच्या हातातला भाकरीचा तुकडा आमटीत पडला, तो त्यांनी काढला, खाल्ला, आणि एक शब्द बोलले नाहीत. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. पोरगी नाशिकला जाऊन शिकून आली, दोड्डबळ्ळापूरच्या पुढे एका द्राक्षमळ्यावर कामाला लागली, आणि यांनी लोकांना सांगायला शब्द शोधून काढला. कुठला? फळप्रक्रिया! कोणी विचारलं, "काय शरदराव, निधी काय करते हल्ली?" "फळप्रक्रिया." "अरे वा! कसली फळं?" "हंगामी." झालं! झाकली मूठ सव्वा लाखाची. समोरचा बिचारा लोणच्याचा, जॅमचा काहीतरी अंदाज बांधून निघून जायचा.

पण पोरीला कळत नव्हतं का हो? एका रविवाराआड यायची, जेवायची. शरदराव तिला गाडीच्या टायरमधली हवा विचारायचे. पीएफचं विचारायचे. हेल्मेटचा पट्टा स्वतः ओढून बघायचे. पण कामाचं? एक अक्षर नाही. तीन वर्षं. तिला वाईट वाटायचं, फार वाईट वाटायचं, आणि यांना ते दिसायचं, आणि दिसूनही जीभ उचलायची नाही. बाप लोकांचं हे असंच असतं, काय सांगायचं!

तर त्या बुधवारी ती आली ती दोन बाटल्या घेऊन. लेबल नाही, काही नाही, नुसत्या बुचाच्या. टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "बाबा, बसा. ऐका. मळ्यावर दोन टाक्या आहेत. एकीत सॉविन्यों ब्लाँ, एकीत शेनिन ब्लाँ. दोन्ही पांढऱ्या द्राक्षांच्या जाती, दोन्हीच्या वाइन कोरड्या, म्हणजे गोडी नसलेल्या, आंबटसर, एकदम चटपटीत. यंदा आमचे मालक रविकिरण सर त्यातली एकच बाटलीत भरणार आहेत, आणि तिच्यावर वाइनमेकर म्हणून माझं नाव टाकणार आहेत. दुसरी टँकरनं घाऊक जाणार. सरांना सॉविन्यों हवीय. मला एक वाटतंय, पण नुसतं वाटतंय, दाखवायला कारण नाही. रविवारी अकरा वाजता शेवटची चाखणी. सर म्हणाले, तुला कारण देऊन ठरवता येत नसेल तर पुढच्या हंगामाला मी ठरवता येणारा माणूस आणतो."

शरदराव बाटल्यांकडे बघताहेत. सुचेताबाई, म्हणजे त्यांची बायको, दारात कणकेच्या हातानं उभ्या. शेवटी शरदराव म्हणाले, "पण मी कशाला? मी तर आयुष्यात..." आणि पोरगी काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, "बाबा, माझ्या ओळखीचे सगळे मला म्हणतात छान, छान. खोटं छान न म्हणणारा माणूस मला एकच माहीत आहे."

आता यावर बाप विरघळणार नाही तर काय! पण इन्स्पेक्टर विरघळतो कसा ते बघा. मिठी नाही, डोक्यावर हात नाही. कपाटातून पाकीट काढलं आणि म्हणाले, "कुठली कुठली ते सांगू नकोस. तुला कुठली आवडते तेही नको. ही नमुना अ, ही नमुना ब. नावं चिठ्ठीवर लिही, पाकिटात घाल, चिकटव, जोडावर सही कर. रविवारी फोडू." पोरगी हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा कामाच्या गोष्टीवर हसली, आणि गेली.

आणि मग घरात जे सुरू झालं! आधी फ्रिज. चैत्रगौरीचं हळदीकुंकू शुक्रवारी, फ्रिजमध्ये पन्ह्याचं पातेलं, कैऱ्या, ओटीचे हरभरे, कोथिंबिरीची जुडी... आणि त्यात या दोन बाटल्या शिरणार! शरदरावांनी त्यांना पंचा गुंडाळला. का? तर भांडी घासायला येणारी बाई बघेल. सुचेताबाई म्हणाल्या, "अहो, पंचा गुंडाळलेल्या बाटल्या बघून तर ती जास्त विचारेल!" पण नाही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हा आमचा स्वभाव.

गुरुवारी दुपारी पडदे ओढले. दाराला कडी. लग्नात आलेले काचेचे सहा ग्लास माळ्यावरून काढले, घासले, उन्हात धरून डाग बघितले. दही लावायचा थर्मामीटर आणला, कारण पोरगी म्हणाली होती दहा अंश. तक्ता आखला... रंग, नितळपणा, वास, चव आणि मागे उरते ती चव, प्रत्येकी दहा गुण. आणि शरदरावांनी नमुना अ नाकाशी नेला.

तुम्हाला सांगतो, त्या नाकाला तोड नाही. कारखान्यात हायड्रॉलिक तेलाचा डबा उघडला की हा माणूस दोन हात लांबून सांगायचा, यात दुसरं काहीतरी मिसळलंय. ते नाक आता ग्लासात! "सुचेता, लिही. कैरीचा देठ मोडल्यावर येतो तो वास. हिरवी मिरची चिरली तसा. आणि पाऊस पडून गेल्यावर लॉन कापतात ना, तसा." मग चमचाभर जिभेवर. आयुष्यातला पहिला! डोळे मिटलेले, कपाळाला आठ्या... सुचेताबाई घाबरल्या, "अहो, काय झालं? थुंका, थुंका!" "थांब गं! चांगली आहे." असं म्हणाले आणि स्वतःच दचकले. मग नमुना ब. "पेरू. पिकलेला. मोसंबीची साल. मागे कुठेतरी मध, पण गोड नाही." चव आंबट, स्वच्छ, पण पहिलीचा जो ठसका होता, तो नाही. बेरीज केली. अ ला एक्केचाळीस, ब ला सदतीस.

संपलं की नाही? पेनचं टोपण काढलं. अहवाल तयार, नमुना अ शिफारसपात्र, खाली रेघ, खाली सही... आणि हात थांबला! सुचेताबाई म्हणतात, "करा की हो सही, मला पडदे उघडायचेत, घर कोंदलंय!" पण शरदरावांना आठवलं एक रबराचं सील. पंचवीस वर्षांपूर्वीचं. टेबलावर एकदम पास, शंभर टक्के, आणि गरम तेलात घातलं तर तासाभरात फुगून भोपळा! त्या दिवसापासून त्यांचा नियम, पुर्जा टेबलावर नाही तपासायचा, ज्यात काम करणार आहे त्यात घालून तपासायचा. मग ही वाइन कशात काम करणार? जेवणात! आणि आपण ती प्यायलो कशाबरोबर? कशाबरोबरच नाही. तो रविकिरण चाखतो कशाबरोबर? पोरीला फोन लावला. ती म्हणाली, "साध्या बिस्किटाबरोबर बाबा. तशीच पद्धत आहे." बिस्किटाबरोबर! अहो, बिस्किट खात खात वाइन पिणारा माणूस कोणी बघितलाय का? ही कसली तपासणी? आणि तपासल्याशिवाय सही नाही!

उजाडला शुक्रवार. आता हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषमाणसानं घरात काय करायचं असतं? काही नाही. चार वाजता पेपर काखेत मारून लालबागेत जायचं आणि दिवे लागले की परत यायचं. वर्षानुवर्षं शरदराव जातात. त्या दिवशी म्हणाले, "मी स्वयंपाकघरात थांबणार." सुचेताबाई म्हणाल्या, "बायका काय म्हणतील?" "मी आवाज करणार नाही." आणि बसले स्टुलावर. समोर ओट्यावर दोन बाटल्या, दोन ग्लास, चमचा, तक्ता. आणि शेजारी परातीत आंब्याची डाळ! वाटलेली हरभऱ्याची डाळ, किसलेली कैरी, हिरवी मिरची, ओलं खोबरं, वरून हिंग-मोहरीची खमंग फोडणी... नुसत्या वासानं जिभेला पाणी सुटावं! शरदराव त्या परातीकडे बघतात, बाटल्यांकडे बघतात, पुन्हा परातीकडे बघतात. आता तुम्हीच सांगा, चैत्रात, आपल्या घरात, याहून खरी तपासणी दुसरी कुठली?

घास डाळीचा, घोट नमुना अ चा. आणि काय सांगू तुम्हाला! काल जी ठसक्यात बोलत होती, ती आज भांडायला उठली! मिरचीला मिरची भेटली, कैरीला कैरी भेटली, हिंग उसळून नाकात गेला आणि जिभेवर कडू, नुसतं कडू, पितळेचं नाणं चघळल्यासारखं. शरदराव पाणी प्यायले. पुन्हा घास, घोट नमुना ब चा. आणि... शांत! डाळ डाळीसारखी लागते, कैरी कैरीसारखी, मिरचीचा जाळ खाली बसला आणि वर तो पेरू आला. दुसरा घास मागते ही! तीन वेळा केलं. तीनही वेळा तेच. एक्केचाळीसवाली सपशेल आडवी!

पण लगेच सही? एका माणसाचं मत म्हणजे मत नव्हे हो, ती नुसती तक्रार. रविकिरण म्हणेल, तुमची जीभ तशी! साक्षीदार हवेत. निदान पाच. आणि दाराच्या पलीकडे, दहा पावलांवर, सात बायका बसल्यात, ज्या एका चमच्यात सांगतात की मोहरी तडतडायच्या आधी हिंग पडला, ज्यांनी चाळीस वर्षं एकमेकींच्या डाळीला तोंडावर छान आणि जिन्यात खरे गुण दिलेत! अख्ख्या बेंगळूरूत याहून तरबेज जिभा कुठे मिळणार? पण त्यांना सांगायचं काय? तीन वर्षं फळप्रक्रिया सांगितली, आता कुठल्या तोंडानं... शरदराव घामाघूम.

आणि तेवढ्यात दार ढकलून प्रेमाअक्का आत! समोरच्या घरातल्या, आजोबांच्या काळापासून इथेच, मराठी बोलतात पण निम्मी कन्नड मिसळून. डाळीच्या वाट्या न्यायला आल्या होत्या, आणि बघतात तर काय, हळदीकुंकवाच्या दिवशी, स्वयंपाकघरात, पुरुषमाणूस, एका हातात डाळीचा चमचा, दुसऱ्या हातात ग्लास! "अय्योऽऽ! शरदअण्णा! काय चाललंय हो?"

आता बघा. तोंडाशी उत्तर तयार होतं. व्हिनेगर आहे, काढा आहे, पन्ह्याचा नवा प्रकार आहे... अहो, फळप्रक्रिया हा शब्द तर जिभेच्या टोकावर आलाच होता. पण ती बेरीज समोर, ते चिकटवलेलं पाकीट समोर, आणि खोटं छान न म्हणणारा माणूस एकच, असं पोरगी म्हणालेली. खोटं बोलायचं नाही म्हणे, आणि तीन वर्षं आपण केलं काय? शरदराव स्टुलावरून उठले. ताठ उभे राहिले. आणि बाहेरच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वाइन आहे, अक्का. आमच्या निधीनं केलेली. ती ज्यूस करत नाही, जॅम करत नाही, वाइन करते. आणि उत्तम करते! दोन आहेत, त्यातली एक निवडायची आहे, आणि माझ्या एकट्याच्यानं होत नाही."

बाहेर बांगड्या वाजायच्या थांबल्या. सुचेताबाई दारात, हातात कुंकवाचा करंडा, चेहरा पांढरा. आणि प्रेमाअक्का पदर खोचत म्हणाल्या, "मग एकट्यानं कशाला बसलात? मला स्वल्प द्या बघू!"

तुम्हाला सांगतो, त्यानंतर जे झालं ते त्या कारखान्यातसुद्धा कधी झालं नसेल! "गौरीसमोर नको हं," असं एकीनं म्हटलं, म्हणून सगळ्या स्वयंपाकघरात. ओट्यापाशी सात बायका, सिल्कच्या साड्या, मोगऱ्याचे गजरे. सुचेताबाई सवयीनं अत्तराची कुपी घेऊन हाताला लावायला निघाल्या, तर शरदराव ओरडले, "अत्तर बंद! तपासणी चालू आहे! गजरे बाहेर ठेवा!" आणि बायकांनी, अहो, त्या मानी बायकांनी, मुकाट्यानं गजरे काढून दिवाणखान्यात ठेवले. चौघी चाखणार म्हणाल्या. दोघी म्हणाल्या, आम्ही नुसता वास घेऊ. आणि एक ब्याऐंशी वर्षांच्या आजी म्हणाल्या, "मी शिवणारसुद्धा नाही," आणि मग सगळ्यांत जवळ त्याच येऊन बसल्या, "तो ग्लास जरा इकडे धर रे, तिरपा कर, दिसत नाही मला."

आधी नुसती. अ जिंकली! चौघीही म्हणाल्या, हिला काय तोरा आहे! मग डाळीबरोबर. आणि एकेकीची तोंडं बघण्यासारखी झाली. "शीऽऽ, कडू!" "अगं, डाळ बिघडली की काय?" "सुचेता, हिंग किती घातलास?" आणि मग नमुना ब. गप्प. सगळ्या गप्प. सात मराठी बायका एका स्वयंपाकघरात गप्प, कधी ऐकलंय? मग प्रेमाअक्का बोलल्या, "अण्णा, ती पहिली आली की दुसऱ्या कुणाला बोलूच देत नाही. ही बसते पंगतीत, जेवते, जेवू देते. चन्नागिदे, छान आहे! लिहा, ब." चौघींची चार मतं ब ला. वासवाल्या दोघी, ब. आणि न शिवणाऱ्या आजी? "मला विचारत असाल तर," म्हणाल्या, "पहिलीला कढीपत्त्याच्या देठाचा वास आहे. ब लिही." सगळ्याजणींची नावं, सह्या, तारीख. एकीनं सहीपुढे बीएस्सी लिहिलं. साक्षीदार सात, आणि पाकीट अजून बंद!

रविवारी शरदराव निघाले मळ्यावर. शेजारी सुचेताबाई, मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात ताजी डाळ, बॅगेत अहवाल, तीन प्रतींत. अकरा वाजता खोलीत टेबल, टेबलावर चकचकीत ग्लास, बशीत बिस्किटं. रविकिरण म्हणजे मालक, पंचेचाळिशीचा, उंच, विदेशात चार वर्षं राहून आलेला. तो बोलला इंग्रजीत आणि कन्नडात, मी आपला मराठीत सांगतो. म्हणाला, "सर, आपण वडील आहात, आदर आहे. पण आज जगभर लोक सॉविन्यों मागतात. तो ठसका, तो ताजेपणा... बघा ना, बिस्किट घ्या, घोट घ्या!" निधी कोपऱ्यात, हात एकमेकांत घट्ट धरलेले. आज तिच्या नावाचा निकाल होता हो! आणि बापानं डब्याचं झाकण उघडलं.

फोडणीचा वास खोलीभर! रविकिरण म्हणतो, "हे काय सर?" शरदराव म्हणाले, "हे तुमचं गिऱ्हाईक. तुमची बाटली कुठे विकणार? बेंगळूरूत, पुण्यात, हैदराबादेत. ते लोक काय खातात, बिस्किटं? भिजवलेल्या डाळीची कोसंबरी खातात, मिरची-भजी खातात, चिंचेचं, कैरीचं, हिंगाचं खातात. मी विमानाचे पुर्जे पास केलेत साहेब. पुर्जा जिथे बसायचा तिथे बसवून तपासायचा. खा." "पण सर, पद्धत..." "खा! तपासल्याशिवाय सही नाही!"

रविकिरणनं खाल्लं. त्याची आई हासनची, घरी कोसंबरीवर वाढलेला माणूस, पहिल्या चमच्यालाच डोळे चमकले. मग त्याच्या लाडक्या सॉविन्योंचा घोट घेतला. आणि चेहरा! लहान मुलाला कडुलिंब चाटवल्यासारखा. "एक मिनिट," म्हणाला, पाणी प्यायला, पुन्हा घास, पुन्हा घोट, पुन्हा तोच चेहरा. मग दुसरी. घास. घोट. घास. घोट. घास. घास. घास... सुचेताबाई हळूच म्हणतात, "अहो, तो नुसती डाळच खातोय!" शेवटी चमचा खाली ठेवला, ते सात सह्यांचं पान वाचलं, बीएस्सी वाचलं, आणि एकच शब्द बोलला. "सरी." म्हणजे, ठीक आहे, मान्य!

पाकीट फोडलं. नमुना ब... शेनिन ब्लाँ! आणि निधी म्हणाली, "हीच! बाबा, मला पहिल्यापासून हीच वाटत होती, फक्त का ते सांगता येत नव्हतं!" आणि ढसाढसा रडायला लागली. रविकिरण घाबरला, त्याला वाटलं डाळ तिखट लागली. शरदराव पुढे झाले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "चांगली केली आहेस. खरंच चांगली. मला हे आधी म्हणायला पाहिजे होतं." आणि खिशातलं पेन काढून तीनही प्रतींवर, टेबलावर वाकून, सही ठोकली! अशी सही, तुम्हाला सांगतो, त्यांनी लढाऊ विमानाच्या कागदांवरसुद्धा केली नसेल.

श्रावणात बाटल्या आल्या. लेबलावर ठळक अक्षरांत वाइनमेकर, निधी हर्डीकर. पंचा नाही, पिशवी नाही! शरदरावांनी एक बाटली दोन्ही हातांत धरली, लेबल बाहेरच्या बाजूला, आणि गांधी बझाराच्या कोपऱ्यापर्यंत मुद्दाम लांबचा फेरा मारून मग समोरच्या प्रेमाअक्कांकडे. वाटेत विचारलं नाही त्यालासुद्धा सांगितलं. छाती अशी पुढे! अक्कांच्या हातात बाटली दिली आणि जरा ऐटीत म्हणाले, "अक्का, खरं सांगा, त्या दिवशी मी वाइन म्हटलं तेव्हा तुम्हाला धक्का बसला असेल, नाही?"

"धक्का?" प्रेमाअक्का म्हणाल्या. "अय्यो अण्णा, धक्का कशाचा? आम्हाला तीन वर्षांपासून ठाऊक आहे! सुचेतानं पहिल्याच महिन्यात सांगितलं, पेढे दिले. तुम्ही फळप्रक्रिया म्हणायचात, आम्ही सरी सरी म्हणायचो. तुम्हाला वाईट वाटायला नको म्हणून. मी ओरडले ते तुम्ही हळदीकुंकवात घुसलात म्हणून!"

शरदराव घरी आले. चपला काढायचंसुद्धा भान नाही. "सुचेता! अख्ख्या बसवनगुडीला माहीत होतं?" सुचेताबाई भाजी निवडताहेत, मान वर नाही. "अख्ख्या नाही काही. लालबागेपलीकडचं मला ठाऊक नाही." "अगं, पेढे वाटलेस, आणि मला नाही सांगितलंस?"

"तुम्हाला काय सांगायचं?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला तर माहीतच होतं की!"

 शरदरावांनी चपला काढल्या आणि म्हणाले, "बरं, पानं घे."